टक्केबाईचा दादा

आमच्या वॉर्डात तिला सगळे टक्केबाई म्हणायचे. तोंडावर नाही, पाठीमागे. पण तिला ते माहीत होतं आणि तिनं ते कधी मनाला लावून घेतलं नाही. मी त्याच वॉर्डाची सिस्टर. वयानं तिच्याहून थोडी मोठी आणि स्वभावानं कितीतरी तिखट. मला कुणी असं नाव ठेवलं असतं, तर त्याच्या दोन्ही हातांना सलाईन लावून मी चहा प्यायला गेले असते.

आमचा वॉर्ड रक्तवाहिन्यांचा. पायाच्या नसा चोंदलेले, पोटातली मोठी नस फुगलेले, अशी माणसं आमच्याकडे यायची. बहुतेक सगळे साठीच्या पुढचे. बहुतेकांनी जन्मभर सिगरेट ओढलेली, आणि विचारलं की सगळ्यांचं उत्तर एकच, ‘कधीतरी एखादी.’ ऑपरेशनच्या आधी पेशंट तपासायचं काम टक्केबाईचं. ती पलंगापाशी स्टूल ओढून बसायची आणि प्रश्न विचारायची. वय, साखर, किडनी, आधी हार्ट अटॅक येऊन गेलाय का, आडवं पडलं की धाप लागते का, जिना चढवतो का. प्रत्येक उत्तराला गुण. ते सगळे कॉम्प्युटरला दिले की तो एक आकडा द्यायचा: अशा तब्येतीच्या शंभर माणसांचं हे ऑपरेशन केलं, तर त्यातली किती महिनाभरात जातील. जातील म्हणजे घरी नव्हे. तो आकडा बघून मोठे डॉक्टर ठरवायचे, की मोठं ऑपरेशन करायचं, छोट्यावर भागवायचं, की हात जोडायचे.

नातेवाइकांना ती परीक्षाच वाटायची. पेशंटनं तोंड उघडायच्या आत बायको उत्तर द्यायची, मुलगा मागून डोळ्यांनी खुणा करायचा. व्हीलचेअरवरून आणलेल्या माणसाची बायको म्हणायची, ‘तीन मजले चढतात हो, भराभर.’ आणि बाहेर येऊन मला हळूच विचारायची, ‘पास झाले ना, सिस्टर?’ मी म्हणायचे, ‘पहिला नंबर आलाय, पेढे आणा.’ टक्केबाईला माझं हे बोलणं आवडायचं नाही. ती त्या बाईला बाजूला घेऊन समजावायची, की खोटं सांगून मिळालेले चांगले गुण टेबलावर उपयोगी पडत नाहीत. समोरची मान हलवायची आणि पुढच्या प्रश्नाला पुन्हा खोटं सांगायची.

म्हणून तिनं जिन्याचा प्रश्न विचारणंच सोडून दिलं. ज्याला उभं राहता येत होतं त्याला ती वॉर्डाबाहेरच्या जिन्यावर घेऊन जायची. त्याची सलाईनची बाटली स्वतःच्या हातात धरून, त्याच्या एक पायरी मागे. पायाचा पेशंट जिना पुरा चढणार नाही हे तर उघडच होतं. बघायचं ते वेगळंच. थांबताना माणूस पोटरी धरून थांबतो की छाती धरून? पोटरी धरली तर दुखणं पायाचं. छातीवर हात गेला, तोंड उघडं पडलं, तर पायाच्या आधी हृदय दमलंय. ही नजर तिला मोठ्या डॉक्टरांनीच दिली होती आणि तिनं ती प्रामाणिकपणे वापरली. ज्याचा हात छातीवर गेला त्याच्या हृदयाची सोनोग्राफी आधी व्हायची. तेव्हा सगळ्या हॉस्पिटलला मिळून ते एकच मशीन होतं, येईल त्या प्रत्येकाला तिथे पाठवणं शक्यच नव्हतं.

घरी ती आणि तिचे दादा, एवढीच दोघं. दादा इमारती रंगवायचे. आईवडील लवकर गेले तेव्हा दादांनी शाळा सोडून हातात ब्रश घेतला आणि हिला शिकवलं. लग्न त्यांनी केलं नाही, हिचं जमलं नाही, आणि पुढे दोघांनीही तो विषय काढला नाही. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. भिंती मात्र अशा, की बघणाऱ्यानं बघत राहावं. दर वर्षा-दोन वर्षांनी दादा रंग बदलायचे आणि हिला विचारायचेसुद्धा नाहीत. एकदा ही कामावरून घरी आली तर स्वयंपाकघर पिवळंधमक. ‘मी हळदीच्या डब्यात राहतेय,’ असं ती मला दुसऱ्या दिवशी सांगत होती आणि हसत होती. ती हसायची ती फक्त दादांच्या गोष्टी सांगताना.

जेवायला बसलं की दादा विचारायचे, ‘काय मास्तरीणबाई, आज कोण पास, कोण नापास?’ आणि ही सांगायची. नावं न घेता सांगायची. तेवढं भान तिला होतं. पण कुठल्या उत्तराला किती गुण, कोण कसं खोटं बोललं, जिन्यावर कुणी पोटरी धरली आणि कुणी छाती, हे सगळं वर्षानुवर्षं त्या घरात ताटाबरोबर वाढलं जात होतं. दादांना त्याची गोडी लागली होती. एकट्या बाईचं दिवसभराचं साचलेलं बोलणं ऐकायला घरी कुणीतरी आहे, याचं मला कौतुकच वाटायचं.

दादांचा डावा अंगठा काळा पडला तेव्हा ते घरातही मोजे घालून वावरायला लागले. ‘फरशी गार लागते’ म्हणायचे. जिच्या डोळ्यांखालून इतके काळे अंगठे गेले तिला स्वतःच्या घरातला अंगठा दिसला नाही. एके दिवशी वास आला तेव्हा तिनं बळेच मोजा ओढून काढला. दुसऱ्या दिवशी सकाळी दादा आमच्या वॉर्डात, खिडकीजवळच्या पलंगावर. गुडघ्याखाली रक्त जवळजवळ पोचतच नव्हतं. मोठ्या डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं, दोनच वाटा आहेत. एक तर बायपास, म्हणजे पायातलीच नस काढून चोंदलेल्या जागेला वळसा घालायचा. ते कित्येक तासांचं ऑपरेशन, पण जमलं तर पाय वाचतो. नाहीतर गुडघ्याखाली पाय कापायचा, कमरेत इंजेक्शन देऊन, तासाभरात. कुठली वाट धरायची ते त्या आकड्यावरून, म्हणजे स्कोअर बघून ठरेल.

रक्ताच्या नात्यातल्या माणसाचा स्कोअर आपण काढायचा नाही, हा आमच्याकडे नियम होता. टक्केबाईनं स्वतःच तो धरून ठेवलेला. म्हणून दादांचा स्कोअर काढला नव्या डॉक्टरीणबाईंनी. मुलगी हुशार होती आणि कामाला चोख. तिनं सगळे प्रश्न विचारले आणि टक्केबाईच्या पद्धतीप्रमाणे दादांना जिन्यावर नेलं. आम्ही दोघी वॉर्डाच्या दारात उभ्या होतो. दादा कठडा धरून चढायला लागले. जिना वळतो त्या मधल्या चौकाच्या थोडं अलीकडे थांबले, एकदम खाली वाकले, डावी पोटरी दोन्ही हातांनी धरली आणि ओरडायला लागले. ‘आई गं! पोटरी फुटतेय! मेलो, मेलो!’ मान खाली घालून बराच वेळ कण्हत राहिले. डॉक्टरीणबाईंनी त्यांना पायरीवर बसवलं, पाठीवरून हात फिरवला, नाडी बघितली आणि नोंद केली, की पाय दुखल्यामुळे थांबले.

माझ्या शेजारी टक्केबाईचा चेहरा पांढराफटक झाला होता.

‘दादा ओरडतोय,’ ती म्हणाली.

‘दुखतंय म्हणून ओरडताहेत. तू काय ओरडत नाहीस?’

‘शिडीवरून पडून हात मोडला होता तेव्हा त्यानं हूं की चूं केलं नव्हतं. सिस्टर, तो धाप लपवतोय. कण्हतोय म्हणजे कुणाला धापेचा आवाज यायला नको.’ मग थांबून म्हणाली, ‘घरी तीन उशा घेऊन झोपतो. हल्ली तर खुर्चीतच झोपतो. म्हणतो, पाय लोंबता ठेवला की बरं वाटतं. मला वाटलं पायासाठीच.’

स्कोअर आला शंभरातले चार. आमच्या वॉर्डाच्या मानानं हा आकडा म्हणजे लॉटरीच. सोनोग्राफीची गरज नाही, परवा बायपास.

दुपारी मी दादांच्या अंगठ्याचं ड्रेसिंग करत होते तेव्हा ती पलंगापाशी आली.

‘दादा, तुला धाप लागली होती.’

‘पाय दुखत होता. डॉक्टरांनी लिहिलंय तसं.’ दादा हसत होते. ‘तूच तर शिकवलंस, मास्तरीणबाई. पोटरी धरली की पास.’

‘हे हसण्यावारी न्यायचं नाहीये. टेबलावरच राहशील.’

‘राहीन की. कापलेला पाय घेऊन त्या दोन खोल्यांत बसण्यापेक्षा ते बरं.’ मग हसणं गेलं. ‘ऐक. सगळा जन्म मी शिडीवर काढला. मला दुसरं काही येत नाही. पाय गेला तर मी तुझ्या गळ्यात पडलेला एक म्हातारा, बाकी काही नाही. तू कुणाकडे एक अक्षर बोललीस तर तुझं माझं संपलं. हे मी रागानं म्हणत नाहीये, हे लक्षात ठेव.’

मी बँडेज गुंडाळत होते. माझे हात चालू होते, पण मान वर करायची माझी हिंमत झाली नाही.

चादरींच्या खोलीत ती मला गाठून म्हणाली, ‘काय करू?’ मी माझ्या मतानं सांगितलं. गप्प बस. माणूस शुद्धीत आहे, अक्कल शाबूत आहे, पाय त्याचा, जीव त्याचा. तू कोण मध्ये पडणारी? ती एक चादर घडी करत होती, उलगडत होती आणि पुन्हा घडी करत होती.

‘आकडा खोटा आहे,’ ती म्हणाली.

‘असू दे.’

‘सर त्या आकड्यावर विसंबून सुरी हातात घेणार. त्यांना खोटं सांगून? दादा टेबलावर गेला तर त्यांना वाटेल, आपल्याच हातून काही चुकलं.’

‘सरांचं काय एवढं पडलंय तुला?’

तिनं चादर कपाटात ठेवली आणि सरळ मोठ्या डॉक्टरांच्या खोलीकडे चालू लागली. मी तिला थांबवलं नाही. थांबवलं असतं तरी थांबली नसती, हे मी स्वतःला अजून सांगत असते.

त्याच संध्याकाळी दादांच्या हृदयाची सोनोग्राफी झाली. हृदय निम्म्याहून कमी जोरानं चाललेलं. केव्हातरी एक अटॅक येऊन गेला होता आणि दादांनी तो कुणाला कळू दिला नव्हता, किंवा त्यांना स्वतःलाही कळला नसेल. खरी उत्तरं भरून पुन्हा स्कोअर काढला. बायपास केली तर शंभरातले बावीस. पाय कापला तर आठ.

सकाळी राउंडला मोठ्या डॉक्टरांनी हे सगळं दादांना नीट समजावून सांगितलं. माणूस चांगला, घाईघाईत बोलणारा नव्हे. दादा शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, ‘बावीस जातात म्हणजे अठ्ठ्याहत्तर जगतात ना? करा तुम्ही. सही कुठे करू सांगा.’

‘मी ही बायपास करणार नाही,’ डॉक्टर म्हणाले. ‘माझं मन घेत नाही. दुसरीकडे दाखवायचं असेल तर चिठ्ठी देतो. पण पायाला फार वेळ नाही, विष वर चढतंय.’

दादांनी मान वळवून टक्केबाईकडे बघितलं. ती पलंगाच्या पायथ्याशी उभी होती.

‘तू सांगितलंस.’

‘हो.’

त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. दोन दिवस ताप वाढत गेला, पाय घोट्यापर्यंत निळा झाला, दुखणं सहन होईना. तिसऱ्या दिवशी त्यांनी कुणाशी न बोलता सही केली. पाय गुडघ्याखाली कापला. दादा त्या आठांत नव्हते. जखम छान भरली. अशी जखम भरली की वॉर्डात सगळे खूश होतात, पण तेव्हा कुणी खूश झालं नाही.

चार माणसांनी खुर्चीत बसवून त्यांना दुसऱ्या मजल्यावर चढवलं, आणि ते वरचेच झाले. लाकडी पाय लावून चालायला सुरुवात केली होती, पण दहा पावलांत धाप लागायची. हृदयाला ते ओझं झेपत नव्हतं. पाय कोपऱ्यात उभा राहिला. जिन्याखाली ठेवलेली शिडी दादांनी एका रंगाऱ्याला देऊन टाकली, ब्रशही दिले. आणि हिच्याशी बोलणं बंद केलं. अबोला धरला असंही म्हणता येणार नाही. पाणी, औषध, खिडकी लाव, दिवा घालव, एवढं बोलायचे. जेवताना मात्र मान खाली. ‘कोण पास, कोण नापास’ हे त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही. ती वॉर्डात यायची, स्टूल ओढून बसायची, प्रश्न विचारायची, लोकांना जिन्यावर न्यायची. काम तसंच चोख. पण मी तिला दिवसातून दहादा निरखायचे आणि मला वाटायचं, हिचंच काहीतरी कापून काढलंय. मला तिचा राग यायचा आणि तिची दयाही यायची. दोन्हींचा काही उपयोग नव्हता.

असं दीड वर्ष गेलं. मग एका सकाळी वॉर्डात एक माणूस आला. आधी बस चालवायचा. त्याला आमच्या डॉक्टरांनी बायपासला नाही म्हटलं होतं. त्याचा आकडा टक्केबाईनंच काढलेला, शंभरातले सव्वीस, दादांपेक्षा वाईट. तो चिडून दुसऱ्या हॉस्पिटलात गेला होता, तिथे त्याची बायपास झाली, आणि आता तो स्वतःच्या दोन पायांवर चालत मोठ्या डॉक्टरांना दाखवायला आला होता. वॉर्डाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून दाखवलं त्यानं, हात हलवत. डॉक्टरांना खरंच आनंद झाला. ‘छान झालं,’ म्हणाले. ‘सव्वीस जातात, तसे चौऱ्याहत्तर वाचतातही. तुम्ही त्यांतले.’ तो माणूस टक्केबाईपाशी थांबून म्हणाला, ‘बाई, तुम्ही तर मला नापास केलं होतंत की!’ सगळे हसले. तीही हसली. मग ती हात धुवायला गेली आणि बराच वेळ परत आली नाही.

दुपारी ड्यूटी संपल्यावर मला म्हणाली, ‘मला दादाला हे सांगायचंय. तू बरोबर चल.’

‘वेड लागलंय का तुला? सांगून काय मिळणार आहे? जखमेवर मीठ चोळायला चाललीस?’

‘हे लपवायचं असेल तर मग तेव्हा तरी मी का बोलले?’

मी तिच्याबरोबर गेले.

दादा खिडकीशी खुर्चीत बसले होते. विजारीचा डावा पाय दुमडून वर पिन लावलेली. भिंतींचा रंग फिका पडून ठिकठिकाणी पोपडे आले होते, त्या घरात मी ते पहिल्यांदाच बघत होते. मला बघून दादांनी ‘या सिस्टर’ म्हटलं. ती बसलीसुद्धा नाही. पर्स खांद्याला तशीच लावून, उभ्या उभ्या तिनं सगळं सांगितलं. बसवाला, त्याचा सव्वीसचा आकडा, दुसरं हॉस्पिटल, तो कसा चालला. हात हलवत चालला, हेही सांगितलं. काही गाळलं नाही, काही घातलं नाही. मग आत जाऊन तिनं चहाला पाणी ठेवलं.

दादा बाहेर बघत होते. मला वाटलं, आता हा माणूस काहीतरी फेकून मारेल. मारलं असतं तर बरं वाटलं असतं. ती कप घेऊन आली तेव्हा ते तिच्याकडे न बघताच म्हणाले, ‘म्हणजे मीही वाचलो असतो.’

‘असू शकेल.’

‘पायासकट.’

‘हो. वाचला असतास, नाहीतर गेला असतास. ते कुणालाच सांगता येत नाही, दादा. आकडा एका माणसाचं सांगत नाही. शंभरांचं सांगतो.’ खांद्यावरची पर्स तिनं आता काढून ठेवली. ‘सरांना फसवायचं नाही म्हणून मी बोलले, असं मी सगळ्यांना सांगितलं. सिस्टरलाही सांगितलं. ते खरं नाही. शंभरातले बावीस गेले तरी अठ्ठ्याहत्तर उरतात, एवढा हिशेब मलाही येत होता. पण माझ्याकडे शंभर दादा नव्हते रे. एकच होता.’

त्या खोलीत रडले ती मी. ती दोघं रडली नाहीत. दादांनी मान वळवली आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिच्या तोंडाकडे नीट बघितलं.

‘पाय मला तरी कुठे शंभर होते गं,’ ते म्हणाले, आणि चहासाठी हात पुढे केला.